खासदारांचा परदेश दौरा आणि परतल्यानंतरचे सभागृह

खासदार किंवा आमदार परदेशी निघाले की आपल्याकडे पहिला प्रश्न खर्चाचा निघतो. तो निघणे गैर नाही. पैसा जनतेचा असतो आणि अभ्यासदौऱ्याच्या नावाखाली निव्वळ पर्यटन उरकल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचलेल्या आहेत. मात्र आपण त्या प्रश्नापाशीच थांबतो आणि त्याहून महत्त्वाचे दोन प्रश्न विचारायचे राहून जातात, याची मला मनापासून खंत वाटते. आपल्या लोकप्रतिनिधीने तिथे नेमकी कोणती भूमिका घेतली, आणि परतल्यावर तो विषय आपल्या सभागृहात मांडला का? मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासक्रमात संयुक्त राष्ट्रांवर स्वतंत्र प्रकरण असते, जागतिक व्यापार संघटनेवर असते, सार्क आणि ब्रिक्स यांचीही दखल असते. पण देशोदेशींच्या संसदा सरकारांना मध्ये न घालता एकमेकींशी बोलतात आणि त्यासाठी पहिल्या महायुद्धानंतर निघालेल्या राष्ट्रसंघापेक्षाही तीस वर्षांनी जुनी असलेली एक संस्था आजही काम करते, हे बहुतेक विद्यार्थ्यांच्या कानावरही आलेले नसते. ती संस्था म्हणजे आंतरसंसदीय संघ.

तिची सुरुवात दोन माणसांपासून झाली. इंग्लंडचे विल्यम रँडल क्रेमर हे मुळात सुतारकाम करणारे कामगार. कामगार चळवळीतून ते पुढे आले आणि पार्लमेंटमध्ये निवडून गेले. फ्रान्सचे फ्रेदेरिक पासी हे अर्थतज्ज्ञ आणि तिथल्या प्रतिनिधीगृहाचे सदस्य. देशांमधले तंटे लढाईऐवजी लवादाने मिटावेत, या एकाच ध्यासाने दोघेही झपाटलेले होते. इंग्लंड आणि अमेरिका यांनी आपसांत लवादाचा करार करावा, अशा निवेदनावर क्रेमर यांनी दोनशेहून अधिक ब्रिटिश खासदारांच्या सह्या मिळवल्या होत्या. ते ऐकून पासी यांनी त्यांच्याशी संपर्क साधला, १८८८ मध्ये पॅरिसला दोन्ही देशांचे काही खासदार एकत्र बसले आणि पुढच्याच वर्षी, फ्रेंच राज्यक्रांतीच्या शताब्दीचे प्रदर्शन भरलेले असताना, जून १८८९ मध्ये पहिली आंतरसंसदीय परिषद भरली. नऊ देशांचे सदस्य होते, पण बहुसंख्य इंग्रज आणि फ्रेंचच. कोणाही सरकारने त्यांना पाठवलेले नव्हते. पुढे पहिल्या नोबेल शांतता पुरस्कारात, १९०१ साली, पासी यांचा वाटा होता. १९०३ चा पुरस्कार क्रेमर यांना मिळाला आणि त्यांनी त्या रकमेचा बहुतांश भाग लवादाच्या चळवळीलाच देऊन टाकला.

या मंडळींनी केवळ सदिच्छा व्यक्त केल्या असे नाही. १८९४ ची हेगची परिषद आणि १८९५ ची ब्रुसेल्सची परिषद यांत त्यांनी कायमस्वरूपी लवाद न्यायालयाचा आराखडा तयार केला आणि तो सरकारांकडे धाडला. १८९९ साली हेगला भरलेल्या शांतता परिषदेत सरकारांनी असे न्यायालय स्थापन करण्याचे मान्य केले. हेगमधले ते लवाद न्यायालय आजही चालू आहे. खासदारांनी मांडलेली कल्पना सरकारांनी उचलावी, हे त्या काळात नवलाचेच होते.

लंडनला १९०६ च्या जुलैत भरलेल्या परिषदेचा प्रसंग मी वर्गात आवर्जून सांगतो. रशियात नुकतीच ड्यूमा, म्हणजे तिथली पहिली निवडून आलेली संसद, अस्तित्वात आली होती आणि तिचे सदस्य या परिषदेसाठी लंडनला आले होते. परिषद सुरू होण्याच्या तोंडावरच झारने ड्यूमा बरखास्त केल्याची बातमी आली. जे सभासद म्हणून आले होते, ते क्षणात कोणाचेच प्रतिनिधी उरले नाहीत. परिषदेचे उद्घाटन करताना ब्रिटनचे पंतप्रधान कॅम्पबेल-बॅनरमन फ्रेंचमधून म्हणाले, "ड्यूमा मेली, ड्यूमा चिरायु होवो!" एका मित्रदेशाच्या सम्राटाविषयी एखाद्या पंतप्रधानाने इतके उघड बोलणे राजनैतिक शिष्टाचारात बसणारे नव्हते, पण समोर संसदसदस्य बसलेले होते आणि ते शब्द त्यांच्यासाठी होते. संसदांनी एकमेकींशी थेट नाते जोडण्याचा अर्थ मला या प्रसंगात सर्वांत स्वच्छ दिसतो. एका देशात सभागृहाला कुलूप लागले, तर तो बाकीच्या सभागृहांच्याही काळजीचा विषय होतो.

आज या संघाचे मुख्यालय जिनिव्हात आहे, १८० हून अधिक राष्ट्रीय संसदा त्याच्या सदस्य आहेत आणि २००२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्याला कायम निरीक्षकाचा दर्जा आहे. वर्षातून सहसा दोनदा त्याची सर्वसाधारण सभा भरते. तिथल्या मतदानाचा एक नियम फार बोलका आहे. संयुक्त राष्ट्रांत प्रत्येक देशाला एकच मत असते आणि ते सरकारचे असते. आंतरसंसदीय संघात प्रत्येक संसदेला किमान १० मते असतात, लोकसंख्येप्रमाणे ती वाढत जाऊन भारत आणि चीन यांसारख्या देशांच्या बाबतीत २३ पर्यंत पोचतात, आणि मुख्य म्हणजे ही मते शिष्टमंडळाला आपसांत विभागता येतात. म्हणजे सत्ताधारी पक्षाचा खासदार ठरावाच्या बाजूने आणि त्याच देशाचा विरोधी खासदार ठरावाच्या विरुद्ध मत देऊ शकतो. देश एक, मते दोन, आणि त्यात कोणी देशद्रोह केला असे कोणी म्हणत नाही. शिष्टमंडळांबाबत आणखी एक नियम आहे. सलग तीन सभांना एखाद्या संसदेने केवळ पुरुषांचे किंवा केवळ स्त्रियांचे शिष्टमंडळ पाठवले, तर त्यातल्या सदस्यांची संख्या आणि त्यांची मतेही कमी होतात. स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाविषयी भाषण करणे सोपे असते; या नियमाने ती गोष्ट मतांच्या हिशेबात आणून ठेवली आहे.

ठराव कसा तयार होतो, हेही पाहण्यासारखे आहे. शांतता आणि सुरक्षा, शाश्वत विकास, लोकशाही आणि मानवी हक्क, तसेच संयुक्त राष्ट्रांशी संबंधित बाबी अशा चार स्थायी समित्या आहेत. विषय ठरला की वेगवेगळ्या देशांचे दोन सदस्य मिळून मसुदा लिहितात आणि तो सर्व संसदांकडे जातो. मग दुरुस्त्या येतात, आणि समितीत परिच्छेद धरून, ओळ धरून, कधी एका शब्दावर अडून चर्चा होते. ज्याने आपल्या विधानसभेत किंवा लोकसभेत विधेयकावरच्या कलमवार चर्चेत भाग घेतला आहे, त्याला हे काम परके वाटत नाही. परराष्ट्र सेवेतला अधिकारी मसुदा वाचताना आपल्या देशाची अधिकृत भूमिका कुठे बाधित होते ते पाहतो. खासदार तोच मसुदा वाचताना आपल्या मतदारसंघातला मच्छीमार, कापूस उत्पादक किंवा परिचारिका यांच्यापर्यंत त्याचा काय परिणाम पोचेल, असा विचार करू शकतो. दोन्ही नजरा लागतात, पण दुसरी नजर केवळ निवडून आलेल्या माणसाकडे असते.

भारताचा या संघाशी संबंध स्वातंत्र्याइतकाच जुना आहे असे म्हटले तरी चालेल. संविधान सभा कायदेमंडळ म्हणून काम करत असताना १६ ऑगस्ट १९४८ रोजी तिने एक ठराव मंजूर केला आणि त्यानुसार १९४९ साली भारतीय संसदीय गट स्थापन झाला. लोकसभेचे अध्यक्ष हेच पदसिद्ध नात्याने या गटाचे अध्यक्ष असतात, आणि त्या वेळी ते आसन गणेश वासुदेव मावळंकर यांच्याकडे होते. हाच गट एकीकडे आंतरसंसदीय संघाचा भारतातला घटक आहे आणि दुसरीकडे राष्ट्रकुल संसदीय मंडळाची भारतातली मुख्य शाखाही आहे. संघाच्या परिषदा दिल्लीत १९६९ आणि १९९३ साली भरल्या. दुसऱ्या परिषदेच्या वेळी लोकसभेचे अध्यक्ष लातूरचे शिवराज पाटील होते. गुरदयालसिंग धिल्लन यांनी १९७३ ते १९७६ या काळात आणि नजमा हेपतुल्ला यांनी १९९९ ते २००२ या काळात संघाचे जागतिक अध्यक्षपद भूषवले. त्या पदावर पोचलेल्या हेपतुल्ला या पहिल्या महिला. इतका वारसा असताना आपल्या सार्वजनिक चर्चेत या संस्थेचे नाव जवळजवळ ऐकू येत नाही.

ठराव बंधनकारक नसतात, मग या सगळ्याचा उपयोग काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि तो रास्त आहे. त्याला मी लैला दे लिमा यांच्या प्रकरणाने उत्तर देतो. फिलिपिन्सच्या सेनेटवर त्या २०१६ मध्ये निवडून आल्या. राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत पोलिसांकडून आणि अज्ञात मारेकऱ्यांकडून होत असलेल्या हत्यांची चौकशी त्यांनी सेनेटच्या न्यायविषयक समितीच्या अध्यक्ष या नात्याने सुरू केली. काही आठवड्यांत त्यांचे समितीचे अध्यक्षपद गेले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये अमली पदार्थांच्या व्यापाराशी संबंध असल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. सेनेटर असतानाच त्या कोठडीत होत्या, आणि सहा वर्षांची मुदत संपली तरी कोठडीतच होत्या.

आंतरसंसदीय संघात संसदसदस्यांच्या मानवी हक्कांसाठी १९७६ पासून एक समिती आहे. तिचे दहा सदस्य स्वतः संसदसदस्य असतात. अटकेत असलेल्या, अपात्र ठरवलेल्या, धमक्या मिळालेल्या किंवा नाहीशा झालेल्या लोकप्रतिनिधींची शेकडो प्रकरणे ही समिती हाताळते, आणि सर्वसाधारण सभेच्या काळात संबंधित देशाच्या शिष्टमंडळाला बंद दाराआड बोलावून विचारणा करते. दे लिमा यांच्या प्रकरणात समितीने मनिलाला आपले सदस्य पाठवले, खटल्याचे निरीक्षण करण्यासाठी वकील नेमला, आणि त्यांच्या सुटकेची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना जामीन मिळाला, जून २०२४ मध्ये त्यांच्यावरचा शेवटचा खटलाही निकालात निघाला, आणि २०२५ च्या निवडणुकीनंतर त्या पुन्हा संसदेत आल्या, या वेळी कनिष्ठ सभागृहात. त्यांची सुटका संघाने केली असे म्हणणे खोटे ठरेल. न्यायालयाने आरोप तपासले, साक्षीदारांनी जबाब फिरवले, सरकार बदलले. पण जवळपास सात वर्षे एका कैदी सेनेटरचे नाव दर काही महिन्यांनी जगभरच्या खासदारांसमोर वाचले जात होते, आणि तिच्याच देशाच्या शिष्टमंडळाला त्याबद्दल उत्तर द्यावे लागत होते. कोठडीतल्या माणसाला याची किंमत आपल्याहून अधिक कळते.

सरकारांनाही खासदार हलवू शकतात, याचे एक उदाहरण आपल्या देशाशी निगडित आहे. १९७८ साली काही देशांच्या खासदारांनी एक वेगळी संघटना स्थापन केली, जी आज जागतिक कृतीसाठी संसदसदस्य या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातली अण्वस्त्रस्पर्धा टोकाला पोचलेली होती आणि दोघांमधली बोलणी खुंटलेली होती. या खासदारांनी देशोदेशीच्या नेत्यांच्या भेटी घेऊन पाच खंडांतल्या सहा राष्ट्रनेत्यांना एका निवेदनावर आणले. इंदिरा गांधी, स्वीडनचे ओलोफ पाल्मे, टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे, अर्जेंटिनाचे राऊल अल्फोन्सिन, मेक्सिकोचे मिगेल दे ला माद्रिद आणि ग्रीसचे आंद्रेआस पापांद्रेऊ. २२ मे १९८४ रोजी हे आवाहन प्रसिद्ध झाले. इंदिराजींच्या हत्येनंतर जानेवारी १९८५ मध्ये राजीव गांधी यांनी त्याच गटाची बैठक दिल्लीत घेतली आणि तिथून दिल्ली जाहीरनामा निघाला. अण्वस्त्रचाचण्या थांबवण्याचा आग्रह पुढची काही वर्षे जिवंत राहिला, त्यात या सहा देशांचा वाटा होता, आणि सहा देशांना एकत्र आणणारे मध्यस्थ खासदार होते. शाळेत आपण दिल्ली जाहीरनाम्याचे नाव वाचतो. त्याच्यामागे कोणी पायपीट केली, हे वाचत नाही.

आकडे गोळा करण्याचे साधे वाटणारे कामही संघ नेटाने करतो. जगातल्या संसदांमध्ये स्त्रिया किती, याची अधिकृत नोंद तोच ठेवतो. १९९५ मध्ये हे प्रमाण सुमारे ११ टक्के होते, आता ते २७ टक्क्यांच्या आसपास आहे. रवांडाच्या कनिष्ठ सभागृहात ते ६० टक्क्यांहून अधिक आहे. आपल्या २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या, म्हणजे १४ टक्केही नाहीत. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये स्त्रियांना निम्म्या जागा आहेत, हजारो सरपंच आणि जिल्हा परिषद सदस्य स्त्रिया आहेत, आणि तरीही संसदेच्या पायरीशी ही वाट अरुंद होते. २०२३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या, पण अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेनंतर. इतर देशांच्या महिला खासदारांशी आपल्या महिला खासदारांची गाठ पडते, तेव्हा हा तक्ता त्यांच्या समोर असतो. तुलना झाली की आपल्या जागी आपण कोठे आहोत, ते लपत नाही.

संघाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जिथे निवडणूक नावापुरती असते, अशा देशांच्या संसदाही त्याच्या सदस्य आहेत. अमेरिकेची काँग्रेस सदस्य नाही. तातडीचा विषय म्हणून एका सभेत एकच प्रश्न घेता येतो आणि त्यासाठी दोन तृतीयांश मते लागतात. गाझातल्या युद्धावर खासदारांना एकमत साधता आले नाही, ही गोष्ट अनेकांना अस्वस्थ करून गेली. पहिल्या महायुद्धामुळे तर परिषदा १९२१ पर्यंत भरूच शकल्या नाहीत. लवादाचा ध्यास घेऊन जन्मलेल्या संस्थेच्या डोळ्यांदेखत युरोप पेटला. हे सगळे मान्य करूनही मला वाटते की या संस्थेची सर्वांत मोठी उणीव जिनिव्हात नसून दिल्लीत आहे, आणि काही अंशी मुंबईतही आहे.

आपल्या देशात आंतरराष्ट्रीय करारांना संसदेची संमती लागत नाही. करार करणे हा कार्यकारी सत्तेचा भाग मानला जातो; मंत्रिमंडळ मान्यता देते आणि देश बांधला जातो. राज्यघटनेच्या २५३ व्या अनुच्छेदानुसार करार अमलात आणण्यासाठी कायदा करायचा झाला तर तो संसद करते, पण तोवर सही होऊन गेलेली असते. पॅरिसच्या हवामान कराराला मंत्रिमंडळाने २८ सप्टेंबर २०१६ रोजी मान्यता दिली आणि २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या दिवशी, भारताने तो करार विधिवत स्वीकारला. शेती, ऊर्जा, कोळसा, वाहने, किनारे, सगळ्यांवर परिणाम करणारा हा निर्णय. त्यावर लोकसभेत मतदान झाले नाही. तो निर्णय योग्य होता असे मी मानतो. माझा आक्षेप केवळ पद्धतीला आहे.

पद्धत चुकली की पुढे किंमत मोजावी लागते, हे जागतिक व्यापार संघटनेच्या वेळी आपण अनुभवले आहे. डंकेल प्रस्तावावरून, म्हणजे या संघटनेला जन्म देणाऱ्या कराराच्या मसुद्यावरून, महाराष्ट्राचा ग्रामीण भाग ढवळून निघाला होता. शरद जोशी यांनी शेतकरी संघटनेच्या व्यासपीठावरून त्या प्रस्तावाचे समर्थन केले, डाव्या पक्षांनी आणि स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांनी कडाडून विरोध केला, गावोगाव सभा झाल्या. इतकी चर्चा बाहेर होत असताना एप्रिल १९९४ मध्ये माराकेशला सही झाली ती संसदेच्या मतदानाविना. त्यानंतर करारानुसार पेटंट कायद्यात बदल करण्यासाठी सरकारने ३१ डिसेंबर १९९४ रोजी अध्यादेश काढला. त्याच्या जागी आणलेले विधेयक लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत अडले आणि अध्यादेश मुदत संपून व्यपगत झाला. अमेरिकेने तक्रार केली आणि १९९७ मध्ये भारत तो तंटा हरला. शेवटी १९९९, २००२ आणि २००५ असे तीन टप्प्यांत कायदे बदलावे लागले. आधी संसदेला विश्वासात घेतले असते तर वाटाघाटी करणाऱ्यांच्या हातीही एक बळ असते. आमची संसद हे मान्य करणार नाही, असे समोरच्याला सांगता आले असते. अमेरिकेचे अधिकारी हे वाक्य प्रत्येक वाटाघाटीत वापरतात, कारण त्यांच्या सेनेटने राष्ट्रसंघ नाकारला होता आणि १९९९ मध्ये अण्वस्त्रचाचणीबंदीचा करारही नाकारला. इतकी टोकाची पद्धत आपण स्वीकारावी असे मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार करार मान्य करण्यापूर्वी तो पार्लमेंटसमोर कामकाजाचे २१ दिवस ठेवावा लागतो आणि या काळात कनिष्ठ सभागृह त्याला हरकत घेऊ शकते. एवढे तरी आपल्याला करता येण्यासारखे आहे. परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीने २०२१ साली द्विपक्षीय गुंतवणूक करारांवर सविस्तर अहवाल दिला, त्यावरून आपल्या खासदारांची या कामाची क्षमता स्पष्ट दिसते.

म्हणून विसंगती अशी उरते, की आपला खासदार जिनिव्हात, ताश्कंदमध्ये किंवा किगालीत हवामान, निःशस्त्रीकरण, स्थलांतर यांवर मत देतो, पण त्याच विषयांवरचा करार देश स्वीकारतो तेव्हा स्वतःच्या सभागृहात त्याला मत नसते. शिष्टमंडळाचे अहवाल पटलावर ठेवले जातात. त्यांवर चर्चेसाठी वेळ राखून ठेवण्याची पद्धत मात्र नाही. पटलावर ठेवलेला कागद आणि सभागृहात झालेली चर्चा यांतले अंतर संसदीय कामकाज पाहणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

मे २०२५ मध्ये, पहलगामचा हल्ला आणि त्यानंतरच्या लष्करी कारवाईनंतर, सरकारने सात सर्वपक्षीय शिष्टमंडळे जगभर पाठवली. त्यांतल्या एकाचे नेतृत्व बारामतीच्या सुप्रिया सुळे यांच्याकडे आणि एकाचे कल्याणचे श्रीकांत शिंदे यांच्याकडे होते. १९९४ मध्ये जिनिव्हातल्या मानवी हक्क आयोगापुढे भारताची बाजू मांडण्यासाठी नरसिंह राव यांनी विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांना पाठवले होते, त्याच परंपरेतले हे पाऊल. मला त्याचा अभिमान वाटतो. मात्र त्याला संसदीय सहकार्य म्हणता येणार नाही, कारण तिथे खासदार देशाची एक ठरलेली भूमिका घेऊन गेले होते, आणि संकटाच्या वेळी तेच योग्य होते. संसदीय सहकार्यात खासदार स्वतःच्या बुद्धीने ऐकतो, दुसऱ्या देशाच्या विरोधी बाकांवरच्या माणसाशीही बोलतो, आणि कधी आपल्या सरकारला न आवडणारी गोष्ट शिकून येतो. या दोन भूमिकांची गल्लत होऊ लागली, तर दुसरी भूमिका हळूहळू पुसली जाईल, अशी मला भीती वाटते.

महाराष्ट्राला या कामात शिरण्याची एक वाट आधीपासून उपलब्ध आहे. राष्ट्रकुल संसदीय मंडळात राज्यांची विधिमंडळेही शाखा म्हणून सहभागी होतात आणि आपल्या विधिमंडळाची शाखा त्यात आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात हीच शाखा राज्यातल्या विद्यापीठांतल्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरवते. मंत्री, विरोधी पक्षनेते, ज्येष्ठ सदस्य आणि पत्रकार तिथे बोलतात, मुले प्रेक्षक गॅलरीत बसून प्रत्यक्ष कामकाज पाहतात. मी विद्यार्थ्यांना या वर्गाला नेले आहे आणि तिथे तारांकित प्रश्नाच्या उपप्रश्नावर मंत्री कसे अडखळतात ते पाहून त्यांचे डोळे कसे चमकतात, तेही पाहिले आहे. त्या वर्गाच्या विषयांत परदेशांतल्या परिषदांहून परतलेल्या आमदारांचे एक सत्र असावे, असे मला फार वाटते. ऊस, कांदा, दुष्काळ, किनारपट्टीची धूप हे आपले विषय आहेत, आणि राष्ट्रकुलातल्या केनिया, फिजी किंवा बांगलादेशच्या सभागृहांतही त्यांतले बरेच विषय चर्चेला येतात.

सध्या एक संधी डोळ्यांसमोर आहे. प्लास्टिक प्रदूषणावर बंधनकारक जागतिक करार करण्याचे नैरोबीत मार्च २०२२ मध्ये ठरले. बुसान आणि नंतर ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा इथल्या वाटाघाटींतून मात्र सहमती झाली नाही, कारण नव्या प्लास्टिकच्या उत्पादनावर मर्यादा घालायची की केवळ कचऱ्याचे व्यवस्थापन करायचे, यावर देश दुभंगलेले आहेत. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी लागू केली, तेव्हाचा अनुभव, दुकानदारांची अडचण, पिशव्या परत कशा आल्या आणि कोणत्या तरतुदी टिकल्या, हे सगळे आपल्या आमदारांना आणि खासदारांना जवळून माहीत आहे. करार अजून झालेला नाही, म्हणजे सभागृहात बोलण्याची वेळ हीच आहे. मी माझ्या मतदारसंघाच्या खासदारांना पत्र पाठवले असून पुढच्या अधिवेशनात पर्यावरण मंत्र्यांना विचारण्यासाठी दोन प्रश्न त्यात सुचवले आहेत. उत्पादनावरच्या मर्यादेबाबत भारताची भूमिका ठरवताना राज्यांशी विचारविनिमय झाला आहे काय, आणि झाला असल्यास महाराष्ट्र शासनाने त्यात काय कळवले? तसेच, कराराचा अंतिम मसुदा सही करण्यापूर्वी स्थायी समितीपुढे ठेवण्याचा सरकारचा विचार आहे काय? ज्यांना हे प्रश्न आपल्याही खासदारांकडे पाठवायचे असतील, त्यांनी ते जसेच्या तसे उतरवून घ्यावेत.